खोकल्याबरोबर सुटणारी लघवी: ५४ वर्षांच्या एका शिक्षिकेचे प्रकरण

लघवीवर ताबा न राहण्याला वैद्यकीय मराठीत ‘मूत्रअसंयम’ असा शब्द आहे. मला तो कधीच पटलेला नाही, कारण असंयम म्हटले की दोष आपोआप त्या बाईच्या माथी येतो आणि ज्या गोष्टीत तिच्या मनाचा काही भाग नाही तिच्याबद्दल ती खाली मान घालून बसते. म्हणून या लेखात मी रुग्ण स्त्रिया वापरतात तेच शब्द वापरणार आहे : लघवी सुटते, लघवी धरवत नाही. येथे मांडलेले प्रकरण प्रातिनिधिक आहे, आणि ते सविस्तर लिहिण्याचे कारण एकच आहे. लघवी सुटण्याची कारणे बहुतेक वेळा एकावर एक चढलेली असतात. ती कोणत्या क्रमाने उलगडायची हे ठरवले नाही, तर चांगले औषधही अपाय करते.

रुग्ण ५४ वर्षांच्या, शाळेत शिकवणाऱ्या होत्या. तीन बाळंतपणे नैसर्गिक मार्गाने झालेली, त्यांतील पहिले चिमटा लावून. पाळी जाऊन तीन वर्षे झाली होती. उंची १५६ सेंटिमीटर आणि वजन ७१ किलो, म्हणजे बॉडी मास इंडेक्स २९ च्या थोडा वर. दहा महिन्यांपूर्वी उच्च रक्तदाबाचे निदान होऊन गोळी सुरू झाली होती. तक्रार त्यांनी अशी सांगितली : “डॉक्टर, लघवी धरवत नाही. खोकला आला, शिंक आली की सुटते. आणि कधी कधी घरी आल्यावर दाराचं कुलूप काढेपर्यंतसुद्धा दम निघत नाही.”

हे सात वर्षांपासून थोडेफार होते. गेल्या आठ-नऊ महिन्यांत फार वाढले होते. दिवसाला चार पॅड लागत. वर्गात त्या फळ्याजवळ कमी आणि दाराजवळ जास्त उभ्या राहू लागल्या होत्या. प्रवासाला निघायच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद करीत. सात वर्षांत त्यांनी हे कोणालाही का सांगितले नाही असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “तीन बाळंतपणं झाली की असं व्हायचंच, असं सगळ्याच म्हणतात.” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचे उत्तर येथेच देतो. वय वाढले, बाळंतपणे झाली की लघवी सुटण्याचे प्रमाण वाढते हे खरे. पण एखादी गोष्ट पुष्कळ जणींना होते म्हणून ती शरीराचा नियम ठरत नाही. मूल न झालेल्या तरुण खेळाडूंनाही हा त्रास होतो, आणि सिझेरियन झालेल्या स्त्रियाही त्यातून पूर्णपणे सुटत नाहीत.

चार महिन्यांपूर्वी त्यांनी धीर करून एका ठिकाणी दाखवले होते. तेथे मूत्राशय शांत करणारी सॉलिफेनासिनची गोळी मिळाली. लघवी नेमकी कधी सुटते हे विचारले गेले नव्हते. गोळीने घाई थोडी कमी झाली, पण तोंड सतत कोरडे पडू लागले आणि शौचाला तीन-तीन दिवस होईना. खोकल्याबरोबर सुटणाऱ्या लघवीत काहीच फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता.

तो का पडणार नव्हता हे समजण्यासाठी लघवी रोखण्याची यंत्रणा पाहावी लागते. मूत्राशय ही स्नायूंची पिशवी आहे. ती भरत असताना सैल राहिली पाहिजे आणि आपण ठरवू तेव्हाच आवळली पाहिजे. तिच्या खाली सुमारे चार सेंटिमीटरचा मूत्रमार्ग असतो. तो स्वतःच्या स्नायूंनी मिटलेला राहतो आणि खालून त्याला योनीची पुढची भिंत व ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, म्हणजे श्रोणितल, यांचा आधार असतो. जॉन डिलान्सी यांनी १९९४ मध्ये या आधाराचे वर्णन झोळीसारखे केले. झोळी ताणलेली असली की खोकल्याचा दाब वरून आला तरी मूत्रमार्ग तिच्यावर दाबला जाऊन मिटतो. झोळी सैल पडली की तोच दाब मूत्रमार्गाला खाली ढकलतो आणि लघवी निसटते. या प्रकाराला ‘स्ट्रेस इनकॉन्टिनन्स’ म्हणतात. त्यातील ‘स्ट्रेस’ म्हणजे पोटातून येणारा दाब. मानसिक ताणाशी त्याचा संबंध नाही, हे प्रत्येक रुग्णाला वेगळे सांगावे लागते, कारण ‘तुम्हाला स्ट्रेसचा त्रास आहे’ एवढेच ऐकून घरी गेलेली स्त्री स्वतःच्या स्वभावाला दोष देत बसते.

दुसरा प्रकार घाईचा. यात पिशवीच अवेळी आवळते, लघवी लागली असे वाटते न वाटते तोच ती रोखणे अशक्य होते, आणि कुलपात किल्ली घालताना किंवा नळाचा आवाज ऐकताना ही घाई उसळते. सॉलिफेनासिनसारखी औषधे या अवेळी आवळण्यावर काम करतात; सैल पडलेल्या झोळीवर त्यांचा काही उपयोग नाही. दोन्ही प्रकार एकाच स्त्रीमध्ये असले की त्याला मिश्र म्हणतात, आणि पन्नाशीनंतर ते पुष्कळदा असतात. याशिवाय मूत्राशय नीट रिकामेच न झाल्याने भरून वाहणारी लघवी, गुडघेदुखीमुळे शौचालयापर्यंत वेळेत पोचता न आल्याने सुटणारी लघवी, आणि योनी व मूत्राशय यांच्यात छिद्र पडल्याने अहोरात्र झिरपणारी लघवी असे प्रकार आहेत. या रुग्णात त्यांपैकी कशाचीही खूण नव्हती.

आता माझी चूक. पहिल्या भेटीत मी खोकल्याबरोबर लघवी सुटते हे लिहून घेतले, पण खोकला कधीपासून आहे हे विचारले नाही. तपासणीच्या वेळी मूत्राशय भरलेले असताना रुग्णाला खोकायला सांगून लघवी सुटते का ते पाहतात. मी तसे सांगण्याआधीच त्या तपासणीच्या टेबलावर दोनदा खोकल्या. कोरडा, घसा खवखवल्यासारखा खोकला होता, आणि दोन्ही वेळा लघवीची बारीक चिळकांडी त्याच क्षणी उडाली व खोकला थांबताच थांबली. तेव्हा विचारले. खोकला नऊ महिन्यांपासून होता, छातीचा एक्स-रे स्वच्छ होता आणि खोकल्याची औषधे दोनदा घेऊन झाली होती. रक्तदाबाची गोळी एनालाप्रिल होती. एसीई इनहिबिटर या गटातील औषधांनी काही रुग्णांना असाच कोरडा खोकला लागतो, स्त्रियांना जास्त. सात वर्षांची सैल झोळी आणि दिवसातून पन्नास वेळा येणारा खोकला यांची गाठ पडली होती. त्रास वाढल्याची तारीख आणि गोळी सुरू झाल्याची तारीख जवळपास जुळत होती.

लघवी खोकल्याच्या क्षणी सुटली की खोकल्यानंतर चार-पाच सेकंदांनी, हेही पाहावे लागते. उशिरा सुरू होऊन वाहत राहिली तर खोकल्याने मूत्राशयाला आवळण्याची चालना दिली असा संशय घ्यावा लागतो, आणि मग शस्त्रक्रियेकडे घाईने वळणे चुकीचे ठरते. येथे तसे नव्हते.

उरलेली तपासणी अशी. योनीची पुढची भिंत किंचित खाली आलेली होती, पण स्त्रिया ज्याला ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात तेवढी नव्हती. योनीचे अस्तर फिके, पातळ होते, जसे पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन कमी झाल्यावर होते. गुदाशयात घट्ट मळ होता. पायांतील ताकद, संवेदना व प्रतिक्षिप्त क्रिया ठीक होत्या. लघवीच्या तपासणीत जंतुसंसर्ग, रक्त किंवा साखर नव्हती. रक्तातील साखर मर्यादेत होती. लघवी करून आल्यावर सोनोग्राफीत मूत्राशयात ३० मिलिलिटर लघवी उरलेली दिसली, जे चिंतेचे नाही. लघवीतून रक्त, वेदना, लघवी तुंबणे, पायांत नव्याने आलेला बधिरपणा किंवा पोटात गाठ यांपैकी काही असते तर वाट वेगळी झाली असती आणि तातडीने पुढच्या तपासण्या कराव्या लागल्या असत्या. मूत्राशयातील दाब मोजणारी युरोडायनॅमिक तपासणी या टप्प्यावर केली नाही. साधे उपचार सुरू करण्यासाठी तिची गरज नसते.

श्रोणितलाच्या स्नायूंची ताकद तपासताना मी त्यांना सांगितले, “लघवी मध्येच थांबवायची आहे असं समजून आतून आवळा.” त्यांनी श्वास रोखला, पोट ताठ केले आणि आतल्या बोटांना वर ओढ जाणवण्याऐवजी खाली ढकलल्याचे जाणवले. म्हणजे त्या व्यायाम समजून नेमकी उलटी क्रिया करीत होत्या. गेली दोन वर्षे त्या एका व्हिडिओत पाहून हाच ‘व्यायाम’ रोज करीत असल्याचे तेव्हा कळले. हे अपवादाने घडत नाही. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केवळ तोंडी सूचना दिलेल्या ४७ स्त्रियांपैकी २३ जणींनाच हे आकुंचन नीट जमले, आणि १२ जणींची पद्धत अशी होती की तिने लघवी सुटणे वाढू शकले असते. पत्रक हातात देऊन ‘केगल करा’, म्हणजे श्रोणितलाचे हे व्यायाम करा, असे सांगणे म्हणजे उपचार, असे मानणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने हे आकडे लक्षात ठेवावेत. श्वास सोडत, पोट व मांड्या सैल ठेवून, योनी व गुदद्वार आत आणि वर ओढायचे आहे, हे दोन-तीनदा करून घेतल्यावर त्यांना जमले. ऑक्सफर्ड मापनात, जे शून्य ते पाच असते, ताकद दोन भरली आणि आकुंचन तीन सेकंद टिकले.

त्यानंतर मी त्यांना तीन दिवसांची नोंद ठेवायला सांगितली : किती वाजता काय व किती प्यायले, किती वाजता किती लघवी झाली, केव्हा सुटली आणि त्या वेळी काय करीत होते. मोजण्यासाठी एक मापाचे भांडे पुरते. मला ही नोंद पुष्कळ महागड्या तपासण्यांपेक्षा जास्त सांगते. त्यांनी ती हजेरीपटासारखे रकाने आखून, पेन्सिलीने, बारीक अक्षरात लिहून आणली. दिवसात बारा वेळा लघवी, बहुतेक वेळा ६० ते ९० मिलिलिटर. रात्री एकदा उठणे. पण सकाळी उठल्यावर ३२० मिलिलिटर. ही शेवटची संख्या महत्त्वाची होती. मूत्राशय लहान झालेले नव्हते. त्याला अर्धे भरण्याआधीच रिकामे होण्याची सवय लागली होती, कारण प्रत्येक तासिकेनंतर त्या ‘लागली नसली तरी जाऊन येऊ’ म्हणून जात होत्या. साधे पाणी दिवसभरात जेमतेम अर्धा लिटर आणि चहा-कॉफी सहा कप. पाणी कमी प्यायल्याने लघवी दाट होते, दाट लघवी मूत्राशयाला डिवचते आणि बद्धकोष्ठही वाढते. म्हणजे लघवी सुटू नये म्हणून केलेला उपायच घाई वाढवत होता. तीन दिवसांत लघवी १४ वेळा सुटली होती, त्यांतील १० वेळा खोकला, शिंक किंवा वजन उचलताना, आणि ४ वेळा घाईने.

हे सगळे समोर ठेवल्यावर क्रम ठरवता आला. आधी जे काढून टाकता येते ते काढायचे, मग जे बांधायचे ते बांधायचे, आणि औषध किंवा शस्त्रक्रियेचा विचार त्यानंतर. सॉलिफेनासिन बंद केले. त्यांच्या रक्तदाबाच्या डॉक्टरांना पत्र लिहून खोकल्याची शंका कळवली आणि एनालाप्रिलऐवजी टेल्मिसार्टन सुरू झाले. येथे एक सूचना आवर्जून करावी लागते. बदली औषध निवडताना प्राझोसिनसारखे अल्फा ब्लॉकर टाळलेले बरे, कारण ते मूत्रमार्गाचे स्नायू सैल करतात, आणि लघवी वाढवणारी गोळी द्यायची तर तिची वेळ रुग्णाच्या कामाच्या वेळेशी जुळवून घ्यावी लागते. रक्तदाबाची गोळी रुग्णाने आपल्या मनाने थांबवू नये, हे मी त्यांना दोनदा सांगितले.

बद्धकोष्ठासाठी मळ सैल करणारे औषध, योनीत लावण्यासाठी कमी मात्रेचे इस्ट्रोजेन क्रीम, दिवसाला दीड ते दोन लिटरपर्यंत एकूण द्रवपदार्थ, आणि चहा-कॉफी दोन कपांवर, तीही कॅफिन एकदम बंद करून डोके दुखू नये म्हणून आठवड्याभरात हळूहळू. क्रीमबद्दल त्यांना भीती होती. त्यांनी हार्मोनबद्दल काहीबाही ऐकले होते. योनीत लावलेले इस्ट्रोजेन अस्तर सुधारते आणि घाईला मदत करते. पोटात घेतलेल्या हार्मोन गोळ्यांनी मात्र लघवी सुटणे वाढू शकते. एकाच औषधाचे हे दोन मार्ग वेगळे आहेत हे समजल्यावर त्या तयार झाल्या. वजनाबद्दल मी स्पष्ट बोललो, पण दोष न देता. जादा वजनाच्या स्त्रियांवरील २००९ च्या एका अमेरिकी चाचणीत सहा महिन्यांत सरासरी ८ टक्के वजन कमी करणाऱ्या गटात लघवी सुटण्याचे आठवड्यातील प्रसंग ४७ टक्क्यांनी घटले, तर तुलनेच्या गटात २८ टक्क्यांनी. म्हणजे त्यांना १५ किलो कमी करायचे नव्हते; पाच-सहा किलोंनी फरक पडणार होता.

व्यायामाचा भाग फिजिओथेरपिस्टकडे सोपवला. आर्नल्ड केगल यांनी हे व्यायाम १९४८ मध्ये मांडले तेव्हा त्यांनी आकुंचन मोजणारे साधनही वापरले होते. स्नायू बरोबर आवळतो आहे की नाही हे स्त्रीला दिसले पाहिजे, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा होता आणि पुढे नेमका तोच विसरला गेला. आमच्या रुग्णाने दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी किमान आठ आकुंचने, सुरुवातीला तीन सेकंद धरून आणि पुढे दहा सेकंदांपर्यंत वाढवत, किमान तीन महिने करायची होती. त्याचबरोबर खोकला किंवा शिंक येण्याच्या क्षणभर आधी आवळून धरायचे, ही युक्तीही शिकवली. ही युक्ती ताकद वाढण्याची वाट पाहत नाही. जिला आकुंचन जमते तिला ती पहिल्या आठवड्यातही उपयोगी पडू शकते. मूत्राशयाच्या सवयीसाठी वेळ ठरवून दिली : आधी दर तासाने, मग दर आठवड्याला पंधरा मिनिटे वाढवत तीन तासांपर्यंत. घाई आली तर धावायचे नाही. जागीच थांबून चार-पाच झटपट आकुंचने करायची, लाट ओसरू द्यायची आणि मग चालत जायचे. धावत गेले की पोटाचा दाब आणि घाई दोन्ही एकदम वाढतात.

सहा आठवड्यांनी त्या आल्या तेव्हा खोकला जवळजवळ थांबला होता. औषध बदलल्यावर तो जायला काही आठवडे लागतात, त्यामुळे दहाव्या दिवशी त्यांनी निराश होऊन केलेल्या फोनला ‘थांबा’ एवढेच उत्तर होते. नव्या तीन दिवसांच्या नोंदीत लघवी सहा वेळा सुटली होती. पहिल्या तीन महिन्यांच्या शेवटी ती संख्या तीनवर आली, दिवसाची लघवी आठ वेळांवर, आणि ऑक्सफर्ड मापन चारवर. घाई दिवसातून एखाद्या वेळी येत होती, पण लघवी सुटत नव्हती.

पाचव्या महिन्यात मात्र गाडी अडली. परीक्षांचा काळ होता, व्यायाम तीन आठवडे सुटला, आणि सर्दी झाली. पुन्हा पॅड लागू लागले आणि त्या फार खचल्या. “आता ऑपरेशनच करून टाका,” असे त्या म्हणाल्या. अशा वेळी रुग्णाला समजावून गप्प करणे मला योग्य वाटत नाही. शस्त्रक्रिया हा खरा पर्याय आहे आणि त्याची खरी माहिती मागण्याचा तिला हक्क आहे. म्हणून एक पूर्ण भेट त्यासाठीच ठेवली. उल्फ उल्मस्टेन यांनी १९९६ मध्ये मूत्रमार्गाच्या मधल्या भागाखाली कृत्रिम जाळीची पट्टी बसवण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि ती जगभर पसरली. ती बहुसंख्य स्त्रियांना चांगला गुण देते. पण काहींमध्ये जाळी योनीतून उघडी पडते, दुखते, किंवा लघवी तुंबते, आणि एकदा बसवलेली जाळी पूर्ण काढणे अवघड असते. ब्रिटनमध्ये २०१८ साली या शस्त्रक्रियांना स्थगिती देण्यात आली. अमेरिकेत २०१९ साली अंग बाहेर येण्यासाठी योनीतून बसवायच्या जाळ्यांची विक्री थांबवण्यात आली, पण लघवीसाठीच्या पट्टीवर तेथे बंदी नाही. हा फरक सांगितलाच पाहिजे, कारण बातम्यांत दोन्ही एकच वाटतात. जाळी नको असेल तर स्वतःच्याच शरीरातील पडद्याची पट्टी, पोटातून टाके घालून योनीची भिंत वर बांधणारी बर्च शस्त्रक्रिया, किंवा मूत्रमार्गाभोवती इंजेक्शनने भर घालणे हे मार्ग आहेत. शेवटच्या मार्गात त्रास कमी, पण परिणामही कमी टिकतो. यांपैकी काहीही घाईवर खात्रीचा उपाय नाही. काही स्त्रियांमध्ये शस्त्रक्रियेनंतर घाई नव्याने सुरू होते, म्हणून मिश्र प्रकारात शस्त्रक्रियेआधी युरोडायनॅमिक तपासणी करून घेणे मला आवश्यक वाटते.

घाई पुन्हा वाढली तर काय, हेही त्यांनी विचारले. मिराबेग्रॉन या घाईवरच्या दुसऱ्या गोळीने तोंड कोरडे पडणे व बद्धकोष्ठ सहसा टळते, पण रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते आणि तो आटोक्यात नसेल तर ते देता येत नाही. सॉलिफेनासिनच्या गटातील औषधे वाढत्या वयात स्मृतीवर परिणाम करू शकतात, आणि काचबिंदूच्या एका प्रकारात ती टाळावीच लागतात. औषधांनी भागले नाही तर मूत्राशयाच्या भिंतीत बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शने किंवा घोट्याजवळील नसेला सौम्य विद्युत चालना देणे असे पर्याय आहेत. इंजेक्शननंतर काही जणींना काही काळ स्वतः नळी घालून लघवी काढावी लागते, ही तयारी आधी हवी.

सर्व ऐकून त्यांनी शस्त्रक्रियेचा निर्णय पुढे ढकलला आणि दिवसभर उभे राहायचे असेल त्या दिवशी योनीत बसवायची, मूत्रमार्गाला आधार देणारी पेसरी मागितली. मापाची पेसरी दुसऱ्या प्रयत्नात बसली. पहिली खोकताना सरकत होती. घालणे, काढणे आणि धुणे त्या एका भेटीत शिकल्या.

आठव्या महिन्यातील भेटीत वजन ६६ किलो होते. पॅड त्या आता फक्त प्रवासात, तेही धीर म्हणून, बरोबर ठेवतात. या वेळी मी नोंद मागितली नव्हती, पण त्यांनी आणली होती, त्याच रकान्यांत, त्याच पेन्सिलीने. लघवी सुटल्याच्या रकान्यात दोन दिवस कोरे होते. तिसऱ्या दिवशी एक फुली होती आणि तिच्यापुढे लिहिले होते : “शिंक. आवळायला विसरले.”